प्रा. त्रिभुवनदास गज्जर : कारागिरांच्या लेकरांना रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक



विज्ञान दिनाला फळ्यावर आपण ठरलेलीच नावं लिहितो. सी. व्ही. रमण, होमी भाभा, कलाम सर. लेकरांनाही ती पाठ झालेली असतात. यावेळी त्या यादीत एक नाव वाढवा असं मला वाटतं. ते आहे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचं. जन्म सुरतेचा, आयुष्यातलं मोठं काम बडोद्याला आणि मुंबईला. त्यांचा विषय होता औद्योगिक रसायनशास्त्र. नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा आहे. परीक्षानळीत चिमूटभर तयार होणारा पदार्थ कारखान्यात मणामणाने, परवडेल अशा खर्चात आणि दर वेळी सारखाच कसा तयार करायचा, याचं हे शास्त्र. साबण, रंग, औषधं, खतं, प्लॅस्टिक हे सगळं त्यातच येतं. वर्गातली प्लॅस्टिकची खुर्ची बघा ना. ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. इटलीत मिलानला औद्योगिक रसायनशास्त्र शिकवणारे प्रा. जुलिओ नत्ता यांनी १९५४ साली ते तयार करून दाखवलं आणि अशाच कामाबद्दल १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, म्हणजे १८६३ साली, गज्जरांचा जन्म झाला. त्या काळी आपल्याकडे या विषयाचं नावही कुणी घेत नव्हतं.

गज्जर हे आडनावच मुळी सुतारकाम करणाऱ्या समाजाचं. वडील कल्याणदास लाकडाच्या व्यापारात होते आणि बांधकामाचे, शिल्पशास्त्राचे चांगले जाणकार होते. म्हणजे घरात पुस्तकही होतं आणि करवत-रंधाही होता. आपल्याकडे या दोन गोष्टी एका घरात क्वचितच सापडतात. ज्याच्या हातात हत्यार त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याला खिळा ठोकता येत नाही, अशीच आपली जुनी विभागणी. गज्जरांनी पुढे जे जे केलं त्याचं मूळ मला तरी या घरातच दिसतं. त्यात सुरत म्हणजे कापडाचं, जरीचं, छपाईचं गाव. रंगारी, विणकर, छिपे ही माणसं त्यांनी लहानपणापासून काम करताना पाहिलेली.

पुढचं शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. रसायनशास्त्रात ते हुशार निघाले. असा पदवीधर त्या काळी सहज वकील झाला असता, नाहीतर सरकारी नोकरीत गेला असता. हे मात्र १८८६ च्या सुमारास बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इथून आपल्या मराठी माणसांचा संबंध सुरू होतो.

बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचं शेतकऱ्याचं पोर, दत्तक जाऊन राजा झालेलं. सयाजीरावांचा जन्मही १८६३ चाच. म्हणजे राजा आणि प्राध्यापक एकाच वयाचे, दोघंही विशीतले! सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ साली अमरेली भागात आणि मग १९०६ साली सगळ्या संस्थानात सुरू करणारे ते हेच सयाजीराव. डी.एड.ला आपण सगळ्यांनी हे वाचलेलं आहे. पण त्याच राजाने कारागिरांच्या मुलांसाठी काय केलं, हे मात्र आपल्या वाचनात फारसं येत नाही.

१८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झालं. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. रंगकाम आणि छपाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात. आज आपण याला आयटीआय किंवा पॉलिटेक्निक म्हणू. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे इथे यायला इंग्रजी यायलाच पाहिजे अशी अट नव्हती. शिकवणं देशी भाषेतून होतं. दुसरी गोष्ट, इथे नुसतं हात चालवायला शिकवत नसत. कापडाला रंग का धरतो, तुरटी घातल्यावर तो पक्का का होतो, हेही समजावून सांगत.

हा तुरटीचा मुद्दा थोडा खोलात सांगते, कारण वर्गात उपयोगी पडेल. मंजिष्ठाच्या मुळीपासून लाल रंग काढायची कला आपल्याकडे शेकडो वर्षांपासून होती. पण नुसत्या रंगाच्या पाण्यात सुती कापड बुडवलं तर एकदोन धुण्यात रंग उतरतो. कापडाला आधी तुरटीचं पाणी दिलं की तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाला. मध्ये दुवा तयार होतो. आपल्या रंगाऱ्यांना हे करता येत होतं, बापाने मुलाला शिकवलेलं होतं. का होतं ते मात्र माहीत नव्हतं. का माहीत नसेल तर काय होतं? बाजार बदलला की माणूस उघडा पडतो.

आणि बाजार बदलत होता, तोही झपाट्याने. १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग तयार केला. डांबर म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की निघणाऱ्या वाफा थंड होऊन मिळणारा काळा चिकट पदार्थ. पुढे १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाचा लाल रंग मुळीशिवाय तयार केला. १८९७ साली जर्मनीच्या कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली. आपल्या मुळ्या आणि निळीची शेती या रंगांपुढे टिकणं अवघड होतं. जर्मन कंपन्यांचे रंगाचे डबे हिंदुस्थानात यायला लागले. रंगारी ते डबे विकत घेऊ लागले, पण डब्यात काय आहे, किती घालायचं, कोणत्या कापडाला कोणतं चालतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. डब्यावरचं लिहिलेलं वाचताही येत नव्हतं.

गज्जरांनी या रंगांना शिव्या देत बसण्यापेक्षा ते शिकवायला घेतले. रंगकामावर देशी भाषेत रंगरहस्य नावाचं नियतकालिक काढलं. कलाभवनात रंगाची प्रयोगशाळा उभी केली आणि रंगकामातले जर्मन जाणकार शिकवायला आणले. ज्याच्या मालाने आपला धंदा बसला त्याच्याकडूनच विद्या घ्यायची, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मला हे पटतं. काही वाचकांना पटणार नाही, आणि ते का पटत नाही हेही मी समजू शकते.

आता पुस्तकांचं. कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकवायचं ठरवलं तर पहिली अडचण काय? पुस्तकच नाही. आणि पुस्तक लिहायचं तर शब्दच नाहीत. गज्जरांनी यंत्रशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे शब्द अनेक भाषांत एकत्र देणारा कोश करायची योजना मांडली. सयाजीरावांनी देशी भाषांतल्या शास्त्रीय ग्रंथांसाठी मोठी रक्कम मंजूर केली आणि सयाजी ज्ञानमंजूषा या नावाने ग्रंथमाला सुरू झाली. अशी धडपड करणारे ते एकटे नव्हते. कोल्हापूरला बाळाजी प्रभाकर मोडक त्याच काळात मराठीतून रसायनशास्त्राची पुस्तकं लिहीत होते. पण अख्खी शाळाच त्या भाषेत, प्रयोगशाळेसकट, चालवून दाखवणं हे बडोद्याला झालं.

आपल्या भागाची आठवण इथे येणारच. आपला नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथेही पुढे हाच प्रश्न आला. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि शिक्षणाचं माध्यम उर्दू ठेवलं गेलं. त्यासाठी एक स्वतंत्र भाषांतर खातं काढून विज्ञानाची, गणिताची, वैद्यकाची पुस्तकं उर्दूत करून घेतली. म्हणजे देशी भाषेत विज्ञान शिकवता येतं हे त्या खात्यानेही दाखवलं. फक्त ती भाषा नांदेडच्या शेतकऱ्याच्या घरातली नव्हती. आपल्या भागातले जुने लोक उर्दूत शिकलेले असायचे आणि घरी मराठी बोलायचे. आज पालक सेमीच्या वर्गासाठी रांग लावतात, तेव्हा मला हा सगळा इतिहास आठवतो. मी सेमीच्या विरोधात नाही. पण पाचवी-सहावीतली लेकरं ॲसिड हा शब्द पाठ करतात आणि चिंच आंबट का लागते ते सांगू शकत नाहीत, हे मी रोज पाहते. आम्ल म्हणा, ॲसिड म्हणा, पण चिंचेपर्यंत तर पोचा!

कलाभवनातून कोण कोण शिकून गेलं याची यादी मोठी आहे. आपल्याला ओळखीचं एक नाव म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, दादासाहेब फाळके. मुंबईच्या जे. जे. कला शाळेनंतर ते १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात आले आणि चित्रकला, छायाचित्रण वगैरे शिकले. छायाचित्र धुणं, छापणं म्हणजे तरी काय, रसायनशास्त्रच की. १९१३ चा राजा हरिश्चंद्र तयार करणाऱ्या माणसाचे हात अशा ठिकाणी तयार झाले होते. कलाभवन पुढे १९४९ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झालं आणि आज ते तिथल्या अभियांत्रिकी शाखेच्या रूपात आहे. शिकवण्याची भाषा मात्र इंग्रजी झाली.

१८९६ च्या सुमारास गज्जरांनी बडोदा सोडलं आणि ते मुंबईला आले. विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. मुंबईला यायला वेळ अगदी वाईट निवडली म्हणायची, कारण त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. शहर निम्मं रिकामं झालं. हाफकिन यांनी भायखळ्याला प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, ती याच साथीत. गज्जरांनीही आयोडीनचं एक संयुग प्लेगवर औषध म्हणून तयार केलं. त्या काळात प्लेगवर खात्रीचा इलाज कुणाकडेच नव्हता, जंतुनाशक औषधांचा जमाना अजून पन्नास वर्षं लांब होता. पण प्राध्यापकाने वर्ग सोडून साथीच्या औषधामागे लागावं, हा त्यांचा स्वभाव.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मुंबईत त्यांचं नाव घरोघरी झालं.

मुंबईत आजच्या हुतात्मा चौकाजवळ, तेव्हाच्या एस्प्लनेड रस्त्यावर, व्हिक्टोरिया राणीचा पांढऱ्या संगमरवराचा मोठा पुतळा होता. तो दिला होता बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी, म्हणजे सयाजीराव ज्यांच्या घरात दत्तक गेले त्यांनी. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री कुणीतरी त्या पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. सरकार हादरलं. कुणी केलं ते कळेना. वर्षभराने, पुण्यात रँडचा वध झाल्यावर पकडलेल्या दामोदर हरी चापेकरांनी ते काम आपलं असल्याचं सांगितलं. १८ एप्रिल १८९८ ला त्यांना येरवड्यात फाशी झाली.

माळ तर काढून टाकली, पण डांबर निघेना. यात रसायनशास्त्राचा पेच आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्ल लागलं की तो विरघळतो. घासलं तर कोरीव नाकडोळे झिजतात. आणि संगमरवर दिसतो गुळगुळीत, पण त्याला बारीक छिद्रं असतात. डांबर त्यात उतरलेलं. विलायतेतल्या जाणकारांनाही उपाय सापडला नाही. शेवटी १८९८ मध्ये गज्जरांनी तो डाग काढला आणि दगडाला धक्का लागू दिला नाही. सगळीकडे वाहवा झाली. एका देशी प्राध्यापकाने साहेबाला न जमलेलं करून दाखवलं, याचं लोकांना फार कौतुक वाटलं.

हे वर्गात सांगितलं तर पुढचा प्रश्न येणारच, माझ्या सातवीच्या वर्गातून लगेच आला. मॅडम, चापेकरांनी देशासाठी डांबर फासलं, मग यांनी ते पुसलं कशाला? हे इंग्रजांच्या बाजूचे होते का?

या प्रश्नाला मी एका वाक्यात उत्तर दिलं नाही, तुम्हीही देऊ नका असं सुचवेन. मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. पहिली ही, की हिंदी माणसाच्या डोक्याला विज्ञान झेपत नाही असं तेव्हा राज्यकर्ते उघड समजत. मोठ्या शास्त्रीय नोकऱ्या गोऱ्यांकडे. अशा वेळी त्यांच्याच राणीच्या तोंडावरचा डाग काढून दाखवणं हे त्यांच्या समजुतीला दिलेलं उत्तरही होतं. दुसरी गोष्ट ही, की एकाने जीव दिला आणि दुसऱ्याला शाबासकी मिळाली, हे खरंच आहे आणि ते झाकू नये. लेकरांनी त्यावर अर्धा तास वाद घातला. निकाल लागला नाही. एक मुलगी म्हणाली, डांबरातूनच रंग निघतात असं तुम्हीच मागे सांगितलं होतं. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही, घरी येऊन बराच वेळ विचार करत होते.

सोबत करायला एक सोपा प्रयोग देते. संगमरवर शोधायला जाऊ नका. आपल्याकडे घराघरात शहाबादी फरशी आहे, तीही चुनखडीच. फुटक्या फरशीचा तुकडा घ्या, काठ घासून पांढरी पूड करा आणि तिच्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतात. लिंबू सांडल्यावर ओट्याची चकाकी का जाते ते लेकरांना तिथेच कळतं. वर्गातला खडू या प्रयोगाला घेऊ नका. तो बहुधा जिप्समचा असतो, बुडबुडे येत नाहीत आणि आपली फजिती होते.

गज्जरांकडे परत येऊ. १८९९ च्या सुमारास त्यांनी गिरगावात स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. मुंबई विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी तिथे येऊन काम करू लागले. सरकारी कॉलेजांतसुद्धा धड प्रयोगशाळा नसताना एका माणसाने स्वतःच्या पैशातून ती चालवायची, हे आजही सोपं नाही. पैसा आला कुठून? मोत्यांतून. पिवळसर पडलेले, डागाळलेले मोती स्वच्छ करायची पद्धत त्यांनी शोधली होती. मुंबई तेव्हा मोत्यांच्या व्यापाराचं मोठं ठिकाण. मोती हेसुद्धा मूळचं कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे नात्याने संगमरवराचं भावंड. पुतळ्यावर चाललेलं डोकं मोत्यांवर चाललं आणि लक्ष्मी घरात आली.

पण त्यांच्या कामातलं आजपर्यंत टिकलेलं फळ वेगळंच आहे. स्वदेशीची हवा होती. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ साली बंगाल केमिकल ही कंपनी उभी केली होती. आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला. या दोन्हींच्या मध्ये, १९०७ साली, गज्जरांच्या प्रेरणेने त्यांचे शिष्य भाईलालभाई अमीन आणि कोटीभास्कर यांना सोबत घेऊन बडोद्याला अलेंबिक केमिकल वर्क्स सुरू झाली. अलेंबिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचं जुनं भांडं. किनवट-माहूरकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, मोहाच्या भट्टीचं तत्त्व तेच. खाली उकळायचं, वर आलेली वाफ नळीतून थंड करायची, थेंब थेंब गोळा करायचे. या कारखान्यात आधी अल्कोहोल आणि औषधी अर्क तयार होत. दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन म्हणजे आयोडीन अल्कोहोलात विरघळवलेलं. अशी टिंक्चरं तोपर्यंत विलायतेहून बाटल्या भरून येत. १९१४ ला महायुद्ध सुरू झाल्यावर जहाजं अडली, जर्मन रंग बंद झाले, बाजारात रंग मिळेना. देशात कारखाने का पाहिजेत हे गज्जर किती वर्षं सांगत होते ते तेव्हा लोकांना समजलं असेल.

गज्जर १९२० साली गेले. साठीही गाठली नव्हती. पारिभाषिक शब्दांचा तो मोठा कोश त्यांच्या मनातला होता तसा पूर्ण झाला नाही. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग काढला तो १ ऑक्टोबर १९३३ ला, म्हणजे गज्जरांनंतर तेरा वर्षांनी. माटुंग्याची ती संस्था आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून प्रसिद्ध आहे. पालकांसाठी मुद्दाम सांगते, २०१८ पासून तिचा मराठवाडा परिसर आपल्या जालन्याला आहे. बारावीनंतर मेडिकल आणि कॉम्प्युटर सोडून तिसरं काही दिसत नसेल तर एकदा तिथे चौकशी करा.

आणि सहलीचं ठरत असेल तर मुंबईत राणीची बाग पोरांना दाखवतोच आपण. तिथल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो राणीचा पुतळा १९६५ पासून ठेवलेला आहे. डाग कुठे होता ते लेकरांना शोधायला लावा.